यंत्र इंग्रजी शिकवील, पण लिहायचे तुम्हालाच

दिल्लीत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी तरुणाचे घोडे अनेकदा इंग्रजी लिहिण्यापाशीच अडते. आता मोबाइलमधले यंत्र क्षणात चुका दुरुस्त करून देते. पण या मदतीने इंग्रजी सुधारते की येत होते तेही विसरायला होते, हे ती मदत कशी घेतली यावर अवलंबून आहे.

दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात, करोलबागेत किंवा मुखर्जीनगरात संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभे राहिले, तर गर्दीत मराठी शब्द हमखास कानावर पडतात. लातूर, बीड, सातारा, यवतमाळकडची ही मुलेमुली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करायला आलेली असतात. एका लहानशा खोलीत दोघे-तिघे राहतात, घरून येणाऱ्या पैशांत महिना भागवतात आणि दिवसरात्र वाचत असतात. इतिहास, राज्यघटना, भूगोल त्यांना तोंडपाठ असतो. मुख्य परीक्षेचे पेपर मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते. मग इंग्रजीची काळजी कशाला?

काळजी असते ती एका पेपरची. मुख्य परीक्षेत ३०० गुणांचा इंग्रजीचा पेपर सक्तीचा आहे. त्यात छोटे निबंध, सारांशलेखन, उताऱ्यावरील प्रश्न आणि भाषेचा वापर व शब्दसंग्रह, एवढेच असते. दर्जा दहावीचा. या पेपरचे गुण अंतिम यादीत धरलेही जात नाहीत. मात्र त्यात २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळवावेच लागतात. ते मिळाले नाहीत, तर निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषयाचे पेपर कितीही चांगले गेले असले तरी त्यांचे गुण विचारात घेतले जात नाहीत. वर्ष वाया जाते आणि घरी फोन करून सांगताना शब्द सुचत नाहीत.

ही चिंता केवळ स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांची नाही. गुरुग्रामच्या कंपनीत लागलेल्या अभियंत्याला साहेबांना ईमेल पाठवायचा असतो. नोएडाच्या सोसायटीत राहायला आलेल्या गृहिणीला मुलाच्या शाळेच्या डायरीत चार ओळी लिहायच्या असतात. बोलताना हातवारे करून, थोडी हिंदी मिसळून वेळ मारून नेता येते. लिहिताना ती सोय नसते. कागदावरची चूक पुसली जात नाही आणि वाचणारा तिच्यावरूनच लिहिणाऱ्याची पारख करतो.

अडचण बुद्धीची नाही

इंग्रजी चुकले की माणूस स्वतःलाच कमी लेखू लागतो. खरे तर बहुतेक चुकांचे मूळ बुद्धीत नसून मातृभाषेच्या सवयीत असते. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापर्यंत इंग्रजी पाचवीपासून शिकवले जाई. २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. पण वर्ष वाढली तरी वाक्य मनात मराठीतच तयार होते आणि मग इंग्रजीत उतरते. त्या उतरण्यातच ठेच लागते.

'मी दोन वर्षांपासून दिल्लीत राहत आहे' हे वाक्य घ्या. मराठी माणूस चटकन लिहितो, 'आय ॲम लिव्हिंग इन दिल्ली सिन्स टू इयर्स.' मराठीतला 'पासून' हा शब्द 'सोमवारपासून' यातही चालतो आणि 'दोन वर्षांपासून' यातही. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स' आणि कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर' लागते. शिवाय पूर्वी सुरू झालेली क्रिया अजून चालू असल्याने 'हॅव बीन लिव्हिंग' असे क्रियापद हवे. तसेच 'शी इज टीचर' या वाक्याचे. मराठीत 'ती शिक्षिका आहे' म्हणताना 'एक' लावावे लागत नाही, म्हणून इंग्रजीतला 'अ' राहून जातो. 'परीक्षेबद्दल चर्चा केली' यातल्या 'बद्दल'मुळे 'डिस्कस'पुढे उगाच 'अबाउट' येऊन बसतो.

ज्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवली, रेन आणि मार्टिनचे व्याकरण पाठ केले किंवा दिल्लीच्याच पुस्तक महलचा रॅपिडेक्स इंग्लिश स्पीकिंग कोर्स उशाशी ठेवला, त्यांना हे नियम वाचून माहीत असतात. पण पुस्तक स्वतःच्या उदाहरणांची उत्तरे देते. वाचकाने लिहिलेल्या परिच्छेदात कुठे चुकले, हे पुस्तकाला सांगता येत नाही. त्यासाठी शिक्षक लागतो. पन्नास-साठ मुलांच्या वर्गातला शिक्षक वहीवर लाल रेघ मारतो, पण प्रत्येकाला चुकीचे कारण समजावून सांगायला त्याला वेळ कुठून मिळणार? दिल्लीच्या शिकवणी वर्गात तर समजावणे हिंदीत किंवा इंग्रजीतच होते. मराठी 'पासून'मुळे गडबड होते, हे तिथल्या शिक्षकाला कसे कळावे?

नेमकी हीच उणीव नवे यंत्र भरून काढू शकते. त्याला मराठीत विचारता येते आणि ते मराठीत उत्तर देते.

निबंध तपासणारे यंत्र

यंत्राकडून निबंध तपासून घेण्याची कल्पना आजची नाही. पूर्वी इंग्रजीचे शिक्षक असलेले अमेरिकेतील एलिस पेज यांनी १९६६ मध्येच संगणकाकडून निबंधांना गुण देण्याचा विचार मांडला होता. तपासणीच्या गठ्ठ्याखाली दबलेल्या शिक्षकांची सुटका करावी, हा त्यांचा हेतू. १९९९ पासून जीमॅट या प्रवेश परीक्षेतील निबंध तपासताना एका मानवी परीक्षकाच्या जोडीला संगणकाचा उपयोग होऊ लागला. २००९ साली युक्रेनमधील तिघा तरुणांनी ग्रामरली सुरू केले आणि चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ उमटणे जगभरातल्या लोकांच्या सवयीचे झाले.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि चित्र बदलले. त्याच्यापाठोपाठ गुगलचे जेमिनी आणि इतर साधने आली. ही यंत्रे चुका दाखवून थांबत नाहीत, सबंध निबंधच लिहून देतात. अफाट मजकुरावरून एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, हे ती शिकलेली असतात. त्यामुळे त्यांचे इंग्रजी सफाईदार असते. पण मजकूर खरा आहे की खोटा, याची खात्री त्या सफाईतून मिळत नाही.

यंत्र हसत नाही

या साधनांचा पहिला फायदा मनाशी संबंधित आहे. अनेक जण इंग्रजी लिहायचे टाळतात ते हसे होईल या भीतीने. कार्यालयातला सहकारी ओठ मुडपून हसतो, शाळेत शिकणारी मुलगी म्हणते, "आई, हे काय लिहिलेस?" घरातला शिकलेला नवरा कागद हातातून घेऊन स्वतःच लिहून टाकतो. मग ती बाई पुन्हा पेन हातात घेत नाही. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही आणि एकच गोष्ट दहा वेळा विचारली तरी वैतागत नाही. रात्री अकरा वाजता, स्वयंपाकघर आवरून झाल्यावरही ते शिकवायला तयार असते.

दुसरा फायदा लगेच मिळणाऱ्या उत्तराचा. सोमवारी लिहिलेल्या निबंधातली चूक पुढच्या सोमवारी कळली, तर आपण तसे का लिहिले होते हेच आठवत नाही. त्याच क्षणी कळली तर मनावर ठसते.

तिसरा फायदा पैशांचा. दिल्लीत इंग्रजीचे चांगले वर्ग आहेत. कस्तुरबा गांधी मार्गावरील ब्रिटिश कौन्सिल आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात इंग्रजीत कच्च्या असलेल्या विद्यार्थ्यांसाठी लिंग्विस्टिक एम्पॉवरमेंट सेल आहे. परंतु प्रत्येकाला अशा ठिकाणी प्रवेश मिळतोच किंवा शुल्क परवडतेच असे नाही. यंत्राची साधी मदत मात्र मोबाइलवर विनामूल्य मिळते.

उसनी भाषा कामाला येत नाही

इथेच सावध राहायला हवे. जे यंत्र चूक समजावून सांगते, तेच एका वाक्यात सांगितले की सगळा निबंध लिहूनही देते. थकलेल्या मनाला दुसरा मार्ग सोपा वाटतो. कच्चे वाक्य टाकायचे, पक्के वाक्य उचलायचे, चिकटवायचे आणि मोकळे व्हायचे. काम होते, पण शिकणे होत नाही.

तुर्कस्तानातील एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग याबाबत डोळे उघडणारा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तो २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. विषय गणिताचा होता, पण धडा सर्वांसाठी आहे. सरावाच्या वेळी ज्यांना असे यंत्र दिले, त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हीच मुले यंत्राला कधीच हात न लावलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला दिलेले यंत्र थेट उत्तर न देता केवळ इशारे देणारे होते. त्या गटात हे नुकसान जवळजवळ झालेच नाही. यंत्र तेच, फरक होता वापरण्याच्या रीतीत.

अमेरिकेतीलच एमआयटी या संस्थेत ५४ जणांवर झालेल्या, २०२५ मध्ये समोर आलेल्या एका छोट्या अभ्यासात निबंधच लिहायला दिले होते. ज्यांनी चॅटजीपीटीची मदत घेतली, त्यांच्यापैकी बहुतेकांना काही मिनिटांपूर्वीच्या स्वतःच्याच निबंधातले एक वाक्यही नीट सांगता आले नाही. जे आपले नव्हतेच, ते आठवणार तरी कसे?

लोकसेवा आयोगाच्या परीक्षागृहात मोबाइल नेता येत नाही. तिथे तीन तास, हातात पेन आणि समोर कोरी उत्तरपत्रिका असते. वर्षभर यंत्राकडून लिहून घेतलेले इंग्रजी त्या तीन तासांत उपयोगी पडत नाही.

संशयाचे बोट

उसन्या लेखनाचा आणखी एक धोका दिल्लीच्या शेजारीच दिसून आला. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील सोनिपत येथील एका खासगी विद्यापीठात कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला २०२४ मध्ये एका विषयात अनुत्तीर्ण ठरवण्यात आले. त्याची उत्तरे ८८ टक्के कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली आहेत, असा ठपका होता. लेखन आपलेच आहे, असे म्हणत तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने नोटीस काढल्यानंतर विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचे सांगितले आणि प्रकरण मिटले. पण तोवर त्या विद्यार्थ्याचे काही महिने मनस्तापात गेले.

यंत्राचे लेखन ओळखणारी यंत्रेही चुकतात, आणि त्यांचा फटका इंग्रजी शिकणाऱ्यांनाच अधिक बसतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. नवशिक्याचे शब्द साधे असतात, वाक्ये ठरावीक वळणाची असतात, आणि तेच यंत्राचे लक्षण समजले जाते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेही आपले असे साधन पुरेसे अचूक नसल्याने जुलै २०२३ मध्ये बंद केले.

म्हणून विद्यार्थ्याने आपला कच्चा मसुदा, हाताने लिहिलेली पाने आणि केलेल्या दुरुस्त्या जपून ठेवाव्यात. लेखन आपले आहे, याचा तोच चांगला पुरावा. शाळा-महाविद्यालयाचा नियम काय आहे, यंत्राची किती मदत चालते, हेही आधीच विचारून घ्यावे.

मदत अशी घ्या

इंग्रजी खरोखर सुधारायचे असेल, तर पुढील क्रम पाळावा. रोज अर्धा तास पुरतो.

पहिले लिखाण स्वतःचेच असावे. घड्याळ लावून, कागदावर पेनाने शंभर-दीडशे शब्द लिहावेत. शब्द अडला तर जागा मोकळी सोडावी, पण मोबाइल उघडू नये. परीक्षा देणाऱ्याने निबंध किंवा सारांश लिहावा. दहावीच्या मुलाने संपादकाला पत्र लिहावे, कारण केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी पेपरात शंभर-सव्वाशे शब्दांचे औपचारिक पत्र असतेच. गृहिणीने उद्या खरोखर पाठवायची चिठ्ठी लिहावी.

मग तो मजकूर यंत्राला द्यावा. टंकलेखन जमत नसेल तर पानाचा स्वच्छ फोटोही चालतो. मात्र त्याने अक्षर बरोबर वाचले ना, हे आधी पाहावे. यानंतरची सूचना सर्वांत महत्त्वाची. 'हे सुधारून दे' असे मुळीच म्हणू नये. मराठीतच सांगावे, 'मी इंग्रजी शिकत आहे. माझा परिच्छेद पुन्हा लिहू नकोस. सर्वांत महत्त्वाच्या पाच चुका कोणत्या ओळीत आहेत ते सांग. प्रत्येक चुकीमागचा नियम सोप्या मराठीत समजाव. बरोबर वाक्य मी स्वतः लिहीन, ते तपास.' पाचाचे बंधन घालावे, नाहीतर चाळीस चुकांची यादी पाहूनच धीर खचतो. चॅटजीपीटीत जुलै २०२५ मध्ये आलेला 'स्टडी मोड' याच पद्धतीने, थेट उत्तर न देता प्रश्न विचारत नेतो.

दुरुस्ती स्वतः करावी. वाक्य चुकले तर पुन्हा प्रयत्न करावा. दोनदा जमले नाही, तरच यंत्राकडून उत्तर घ्यावे.

चुकांची एक वही ठेवावी. डावीकडे आपले चुकीचे वाक्य, उजवीकडे बरोबर वाक्य आणि खाली एका ओळीत नियम. महिनाभराने वही चाळली की लक्षात येते, आपल्या चुका शेकडो नसतात. त्याच सात-आठ पुन्हापुन्हा होत असतात. कुणाचा 'अ' आणि 'द' राहतो, कुणाचा काळ चुकतो, कुणाचे वाक्य श्वास न घेता अर्धे पान धावते. शत्रू ओळखला की लढाई सोपी होते.

आठवड्यातून एकदा यंत्राला पूर्ण सुट्टी द्यावी. त्या दिवशी नवा विषय घेऊन परीक्षेप्रमाणे लिहावे आणि त्या सात-आठ चुका स्वतःच शोधाव्यात. किती सापडल्या, यावरून खरी प्रगती कळते.

यंत्रही चुकते

यंत्राचे म्हणणे वेदवाक्य मानू नये. ते चुकीचा नियमही तेवढ्याच ठामपणे सांगते. शंका आली तर चांगला शब्दकोश किंवा व्याकरणाचे पुस्तक उघडावे, शक्य असल्यास शिक्षकांना विचारावे. मराठी समजावणीतही ते कधी बोजड शब्द वापरते. तेव्हा 'आणखी सोपे करून सांग' म्हणावे.

त्याला भपकेबाज भाषेचीही हौस असते. 'मुलाला ताप आहे, म्हणून तो आज शाळेत येणार नाही' या दोन साध्या वाक्यांचा ते परिच्छेद करते. आठवीतल्या मुलाच्या वहीत असे जडजंबाल इंग्रजी दिसले की शिक्षिका पहिल्याच ओळीत ओळखते. 'माझे शब्द शक्यतो तसेच ठेव' असे त्याला बजावावे. आपल्याकडच्या परीक्षांत ब्रिटिश स्पेलिंग वापरतात, तेव्हा तेही सांगावे. अनेकदा ते अमेरिकी वळणावर जाते. दुरुस्तीत अर्थ बदलला नाही ना, हे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. नोकरीच्या अर्जात 'कामात मदत केली' याचे 'कामाचे नेतृत्व केले' झाले, तर मुलाखतीत उत्तर अर्जदारालाच द्यावे लागते.

आणि हो, आधार क्रमांक, बँकेचे तपशील, घरचा पत्ता, कार्यालयातली गोपनीय कागदपत्रे यंत्राला कधीही देऊ नयेत. पत्र तपासायचे असेल तर नावे आणि आकडे गाळून द्यावे.

घरच्यांची साथ

चॅटजीपीटी तेरा वर्षांखालील मुलांसाठी नाही आणि अठरा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या संमतीनेच ते वापरावे, असा कंपनीचाच नियम आहे. म्हणून शाळकरी मुलाला मोबाइल देऊन मोकळे होण्यापेक्षा आई-वडिलांनी जवळ बसावे. मूल लिहिताना पाहावे, यंत्राने दाखवलेली चूक त्याच्याकडून समजून घ्यावी. मुलाला ती समजावून सांगता आली, तर ती त्याला कळली असे समजावे. इंग्रजी न येणाऱ्या आईलाही हे सहज जमते, कारण समजावणे मराठीतच असते. कित्येकदा मुलाबरोबर आईही शिकून जाते.

घरात कुणी चुकतमाकत लिहू लागले असेल, तर त्याच्या हातातला कागद ओढून घेऊ नये. मुलाच्या डायरीत आईने स्वतः लिहिलेल्या दोन साध्या ओळी, त्यात एखादी चूक राहिली तरी, नवऱ्याने किंवा यंत्राने लिहून दिलेल्या पानभर मजकुरापेक्षा मोलाच्या आहेत. पुढच्या महिन्यात त्याच दोन ओळी बिनचूक होतील. आणि राजेंद्रनगरातल्या खोलीत रोज रात्री चुकांची वही भरणाऱ्या मुलाला परीक्षागृहाच्या दारात मोबाइल जमा करताना हुरहुर वाटणार नाही. त्यातून जे घ्यायचे, ते त्याने आधीच घेतलेले असेल.